धागा: नर्सिंगमधली समानता ड्यूटी लिस्टमध्ये दिसते का?

नाइटवाली
नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय. 'समानता, विविधता आणि सर्वसमावेशकता' या विषयावर वॉर्डातल्या स्टाफसाठी एक सत्र घ्यायचं काम माझ्याकडे आलंय. स्लाइड तयारच मिळाल्यात. वेगवेगळ्या रंगांचे हात एकमेकांत गुंफलेले, खाली 'सर्वांना आदराने वागवा', आणि शेवटी शपथ. नाइट संपवून आलेल्या मुली डोळे ताणून ऐकणार, हजेरीवर सही करणार आणि झोपायला जाणार. सर्वांना आदराने वागवायला कुणाचीच ना नसते, म्हणून तर त्या वाक्याने कधी काही हलत नाही.

माझं मत सांगते. वॉर्डात समानता आहे की नाही हे तीन कागदांवरून कळतं. ड्यूटी लिस्ट, ट्रेनिंगला कोणाकोणाला पाठवलं ती यादी, आणि मेमोची फाइल. लग्न न झालेलीच्या वाट्याला कायम नाइट का? आयसोलेशनमध्ये दर वेळी तीच दोघं का? औषधाची वेळ चुकली की एकीला 'जरा लक्ष दे गं' आणि दुसरीला लेखी खुलासा, असं का? सत्र यावरच घ्यायचा विचार आहे. तुमच्याकडचं सांगा. अनुभव चालतील, पक्की माहिती तर हवीच. उपदेश नको, तो स्लाइडमध्ये भरपूर आहे.

स्टाफब्रदर
ताई, विषय काढलात ते बरं केलंत. माझी, म्हणजे पुरुष नर्सची, बाजू मांडतो. जड पेशंट वळवायचा, 'ब्रदरला बोलवा'. दारू उतरताना बेड सोडून पळणारा पेशंट आवरायचा, 'ब्रदरला बोलवा'. पुरुष पेशंटला कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, घालायचा, तोही ब्रदरच. माझे स्वतःचे पेशंट तोवर थांबलेले. पाठ मलाही एकच आहे, आणि पेशंट उचलायची योग्य पद्धत म्हणजे स्लाइड शीट (पेशंट सरकवायची घसरती चादर) आणि होइस्ट (उचलायचं यंत्र), पुरुष नव्हे.

दुसरीकडे लेबर रूमची पोस्टिंग. तिथे पुरुष डॉक्टर चालतो, पुरुष भूलतज्ज्ञ चालतो, पुरुष नर्स मात्र दाराबाहेर. याला मोठा इतिहास आहे. अमेरिकी लष्कराचा नर्सिंग विभाग १९०१ साली सुरू झाला, त्यात पुरुषांना अधिकारी म्हणून घेतलं १९५५ मध्ये. ब्रिटनचं रॉयल कॉलेज ऑफ नर्सिंग १९१६ चं, पुरुषांना सदस्यत्व मिळालं १९६० साली. मिसिसिपीतल्या एका सरकारी महिला विद्यापीठाने एका पुरुषाला नर्सिंगला प्रवेश नाकारला, ते प्रकरण थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९८२ साली पाच विरुद्ध चार असा निकाल त्याच्या बाजूने लागला. बहुमताचा निकाल लिहिला सँड्रा डे ओ'कॉनर यांनी, म्हणजे त्या न्यायालयातल्या पहिल्या महिला न्यायमूर्तींनी. असे प्रवेशनियम 'नर्सिंग म्हणजे बायकांचं काम' हाच समज पक्का करतात, असं त्यांनी त्यात म्हटलं.

मोजपट्टी
स्टाफब्रदर, तुम्ही म्हणताय ते खरं आहे. आता नाण्याची दुसरी बाजू बघा.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या अहवालानुसार जगात सुमारे २ कोटी ७९ लाख नर्सेस होत्या आणि त्यातल्या ९० टक्क्यांच्या आसपास स्त्रिया. त्याच संघटनेचा २०१९ चा अहवाल सांगतो की एकूण आरोग्यक्षेत्रात ७० टक्के काम करणारे हात बायकांचे, पण वरच्या पदांवर त्या फक्त २५ टक्के. समाजशास्त्रज्ञ क्रिस्टीन विल्यम्स यांनी १९९२ मध्ये नर्सिंग, प्राथमिक शिक्षण, ग्रंथालय आणि समाजकार्य अशा 'बायकांच्या' पेशांतल्या पुरुषांचा अभ्यास केला. हे पुरुष अडतात कमी, त्यांना उलट सरकत्या जिन्यासारखं वर ढकललं जातं, असं त्यांना दिसलं. बेडसाइडवरून उचलून ऑफिसात, आयसीयूत, प्रशासनात. पुरुष आहे, म्हणजे इन्चार्ज होणारच, असं आजूबाजूचे गृहीत धरतात.

आणि याच्याही पुढचं. २००९ मध्ये एडिया हार्वी विंगफिल्ड यांनी अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय पुरुष नर्सेसशी बोलून पाहिलं, तर हा सरकता जिना त्यांच्यासाठी चालूच नव्हता. गोऱ्या पुरुष नर्सला पेशंट डॉक्टर समजतात, कृष्णवर्णीय पुरुष नर्सला सफाई कर्मचारी समजतात. दोघेही पुरुषच. म्हणून 'पुरुषांवर अन्याय' आणि 'स्त्रियांवर अन्याय' एवढ्या दोनच कप्प्यांत हा विषय मावत नाही.

स्टाफब्रदर
वरची पदं मिळत असतील कुणाला. मला अजून होइस्ट मिळालेला नाही. :)

खडूस_वाचक
मी नर्स नाही, दवाखान्यांशी संबंध पेशंट म्हणूनच. स्पष्ट बोलतो, राग मानू नये. सलाइन लावताना शीर एका झटक्यात सापडली पाहिजे, बस्स. लावणारी कोण, कुठली, काय मानते, याच्याशी मला देणंघेणं नाही. गुणवत्ता बघा आणि कामाला लागा. विविधतेची सत्रं घ्यायला वेळ आहे, पण बेल वाजवली की यायला वेळ नाही.

वर्गशिक्षिका
खडूस काका, तुमच्या 'गुणवत्ता बघा'वरूनच सुरुवात करू. मी नर्सिंगच्या मुलांना शिकवते.

पेशंटला प्रेशर सोअर, म्हणजे एकाच जागी पडून राहिल्याने होणारी जखम, होतोय हे पहिल्या पायरीवर कसं ओळखायचं? पुस्तकात लिहिलेलं असतं, त्वचा लाल होते आणि बोटाने दाबली तरी लाली जात नाही. फोटो गोऱ्या पाठीचा. सावळ्या किंवा काळ्या त्वचेवर ही लाली सहसा नीट दिसत नाही. तिथे हात लावून बघावं लागतं. आजूबाजूपेक्षा ती जागा गरम किंवा गार आहे का, कडक किंवा पिळपिळीत लागते का, पेशंट तिथे दुखतं म्हणतो का. हे शिकवलं नाही तर चार्टवर 'त्वचा उत्तम' अशी नोंद होत राहते आणि कातडी फुटल्यावरच जखम कळते.

सायनोसिसचंही, म्हणजे ऑक्सिजन कमी पडून त्वचा निळी पडण्याचंही, तेच. ओठ निळे पडले का हे गडद त्वचेवर पटकन कळत नाही. तोंडाच्या आतली त्वचा, हिरड्या, पापणीची आतली बाजू, नखांखालचा भाग चांगल्या उजेडात बघावा लागतो. कावीळ डोळ्यांच्या पांढऱ्या भागात बघायची. नवजात बाळाच्या अपगार स्कोअरमध्ये, म्हणजे जन्मल्या जन्मल्या तब्येत जोखायच्या गुणांत, रंगाला दोन गुण, आणि पूर्ण गुण कधी, तर बाळ सर्वांगाने गुलाबी असेल तेव्हा. १९५० च्या दशकातला निकष आहे. जगातली किती बाळं सर्वांगाने गुलाबी होतात?

आता यंत्राकडे या. बोटाला लावायचा पल्स ऑक्सिमीटर प्रकाशावर चालतो आणि त्वचेतलं मेलॅनिन हे रंगद्रव्य त्या प्रकाशात अडथळा आणतं. डिसेंबर २०२० मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एक अभ्यास आला. ऑक्सिमीटर ९२ ते ९६ टक्के दाखवत असताना धमनीतल्या रक्ताची तपासणी केली, तर कृष्णवर्णीय पेशंटच्या ११.७ टक्के नोंदींत ऑक्सिजन प्रत्यक्षात ८८ च्या खाली होता. गोऱ्या पेशंटमध्ये हे प्रमाण ३.६ टक्के. ही त्रुटी १९९० मध्येही एका अभ्यासात दिसली होती. तीस वर्षं ती तशीच पडून राहिली.

गुणवत्ता म्हणजे हेच. आकडा ९४ आहे, पण माणूस धापा टाकतोय, तर आकड्यावर न विसंबता डॉक्टरला बोलावणं.

खडूस_वाचक
हे पटलं. पण बाई, हे तर सरळ चांगलं नर्सिंग झालं. त्यासाठी वेगळं सत्र कशाला?

वर्गशिक्षिका
कारण तीस वर्षं ते चांगल्या नर्सिंगमध्ये कुणी धरलं नव्हतं. पुस्तकाचे फोटो निवडणाऱ्यांत, यंत्राची चाचणी कोणावर घ्यायची हे ठरवणाऱ्यांत वेगवेगळी माणसं असती तर हा प्रश्न आधी विचारला गेला असता.

निळी_शाई
गुणवत्तेचा मुद्दा निघालाच आहे तर दुसऱ्या महायुद्धातली एक गोष्ट. १९४१ मध्ये अमेरिकी सैन्याने कृष्णवर्णीय नर्सेस घ्यायचं ठरवलं, पण कोटा ठेवला ५६ चा. पूर्ण शिकलेल्या, नोंदणी झालेल्या मुली दारात उभ्या. जानेवारी १९४५ मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी जाहीर भाषणात सांगितलं की नर्सेस कमी पडताहेत, सक्तीच्या भरतीचा कायदा करावा लागेल. तेव्हा कृष्णवर्णीय नर्सेसच्या नेत्या मेबल स्टॉपर्स यांनी उघडपणे विचारलं, एवढी टंचाई आहे तर आमच्या मुलींना का घेत नाही? उत्तर कुणाकडेच नव्हतं. त्याच महिन्यात सैन्याने कोटा काढून टाकला.

स्टॉपर्स ज्या संघटनेत होत्या, ती कृष्णवर्णीय पदवीधर नर्सेसची राष्ट्रीय संघटना, १९०८ मध्ये स्थापन झाली होती, कारण अनेक राज्यांतल्या नर्सेसच्या संघटना त्यांना सदस्यच करून घेत नव्हत्या. १९५१ मध्ये ती मुख्य संघटनेत विलीन झाली.

आपल्याकडे फ्लॉरेन्स नाइटिंगेल बाईंचा फोटो प्रत्येक नर्सिंग शाळेत. त्याच क्रिमियन युद्धात जमैकात जन्मलेल्या मेरी सीकोल यांनाही जायचं होतं. लंडनमध्ये अर्ज नाकारला गेला, तर त्या स्वतःच्या पैशाने गेल्या आणि १८५५ मध्ये क्रिमियातल्या बालाक्लाव्हाजवळ सैनिकांसाठी खाण्यापिण्याची, विश्रांतीची आणि औषधपाण्याची सोय उभी केली. लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलसमोर त्यांचा पुतळा उभा राहिला तो २०१६ साली. नाइटिंगेल थोर की सीकोल, हा वाद मला निरर्थक वाटतो. इथे तो कृपया काढू नये.

डेसिबल
पहिल्यांदाच लिहितेय. मला दोन्ही कानांना श्रवणयंत्र आहे आणि मी सर्जिकल वॉर्डात काम करते.

भरतीच्या वेळी पहिला प्रश्न, 'स्टेथोस्कोप कसा वापरणार?' आवाज वाढवणारे इलेक्ट्रॉनिक स्टेथोस्कोप मिळतात, काहींवर हृदयाचे ठोके स्क्रीनवर आलेखासारखे दिसतात. तो प्रश्न तिथेच मिटला. जे कुणी विचारलं नाही तेच खरं अवघड निघालं. हँडओव्हर, म्हणजे पाळी बदलताना पुढच्या स्टाफला पेशंटची माहिती देणं. नर्सिंग स्टेशनवर आठ जणी एकदम बोलतात, मागे फोन, ट्रॉली, मॉनिटरची पिपाणी. सगळ्यांच्या तोंडावर मास्क, म्हणजे ओठही दिसत नाहीत. मी विनंती केली की हँडओव्हर बेडपाशी, एका वेळी एकीने, लिहिलेल्या कागदावरून व्हावा. सुरुवातीला कुरकुर झाली. आता निरोप गळायचे थांबलेत, आणि ऐकू येणाऱ्यांचेही थांबलेत.

फोनवरच्या ऑर्डर मी घेत नाही, त्या लेखी येतात. तोंडी ऑर्डर तशाही आणीबाणीतच घ्यायच्या असतात आणि घेतल्या तर परत वाचून दाखवायच्या असतात, हे नियमात आहेच. माझ्यामुळे नियम पाळला जातो, एवढंच.

नाइटवाली ताई, सत्रात एक सांगाल का? 'हिला जमेल का' असं मागे आपसात कुजबुजू नका. तिला समोर बसवून विचारा, 'कोणतं काम, कोणत्या साधनाने करशील?' साखर कमी होते म्हणून वेळेवर जेवायला हवं अशी मधुमेही स्टाफ, कंबरेचं ऑपरेशन झालेली, मानसिक आजारातून उठून कामावर आलेली, सगळ्यांना हाच प्रश्न लागू आहे.

नाइटवाली
डेसिबल, बेडपाशी हँडओव्हरचा मुद्दा उचलतेय. लिहीत राहा इथे.

दूरदेशी
मी परदेशात नर्स आहे, म्हणून मेमोच्या फाइलबद्दल बोलतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या त्याच अहवालानुसार जगातल्या दर ८ नर्सेसमागे १ जण जन्मला किंवा शिकला त्या देशाबाहेर काम करतो. नवा माणूस येतो, हिशोबाची पद्धत वेगळी, औषधांची नावं वेगळी, उच्चार वेगळा. चूक झाली की स्थानिक सहकाऱ्याला 'आज दमलीय बिचारी' आणि आम्हाला 'यांचं शिक्षणच तसलं'. एकाची चूक त्या दिवसाची ठरते, दुसऱ्याची अख्ख्या देशाची.

ही नुसती तक्रार नाही, मोजता येते. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेत २०१५ पासून एक वंशसमानता मानक आहे, त्यात नऊ निर्देशक. मुलाखतीसाठी निवडलेल्यांपैकी प्रत्यक्ष नोकरी कोणाला मिळाली, शिस्तभंगाची औपचारिक चौकशी कोणावर लागली, अशा गोष्टी दर वर्षी वांशिक गटांनुसार मांडाव्या लागतात. अल्पसंख्य गटांतल्या स्टाफवर चौकशी लागण्याची शक्यता जास्त, हे त्यातूनच कागदावर आलं. चौकशी सुरू करायच्या आधी दुसऱ्या वॉर्डातल्या कुणीतरी एक प्रश्न विचारायचा: हेच दुसऱ्या कुणाकडून झालं असतं तर चहा देऊन समजावलं असतं की पत्र दिलं असतं?

आणि भरती करणारे दलाल. पासपोर्ट काढून घेणं, नोकरी सोडली तर भरमसाट रक्कम मागणारे बाँड, कबूल केलेल्या पदापेक्षा खालचं पद. २०१० च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या आचारसंहितेत स्थलांतरित आरोग्य कर्मचाऱ्यांना स्थानिकांइतकेच हक्क मिळावेत असं आहे. पण ती ऐच्छिक आहे, आणि ऐच्छिक गोष्टी दलाल वाचत नाहीत.

पेशंटची_लेक
नातेवाईक म्हणून लिहिते. माझ्या आईला दवाखान्याची भाषा येत नव्हती आणि सगळे मलाच भाषांतर करायला लावत. मी तेव्हा शाळेत होते. पाळी, लघवी, 'गाठ कर्करोगाची असू शकते', सगळं माझ्या तोंडून. मी अर्धं गाळलं. आई मला बघून रडेल म्हणून. तिने संमतीपत्रावर सही केली ती माझ्या गाळलेल्या माहितीवर.

वर्गशिक्षिका
पेशंटची_लेक, तुमचा प्रतिसाद मी वर्गात वाचून दाखवू का? नाव येणार नाही. घरच्यांकडून, विशेषतः मुलांकडून, संमतीसाठी भाषांतर करून घेऊ नये हे आम्ही शिकवतो. पण रात्री दोन वाजता दुभाषा मिळत नाही आणि शेजारी नात उभी असते, तेव्हा तेच होतं. फोनवरचा दुभाषा, पेशंटची भाषा येणाऱ्या स्टाफची यादी, काहीतरी नाइटला हाताशी हवंच. आणि भाषा येते म्हणून स्वतःचं काम सोडून पाच वॉर्ड फिरणाऱ्या त्या स्टाफच्या वेळेचा हिशोबही धरायला हवा. तिचेही पेशंट असतात.

पेशंटची_लेक
हो, वाचा.

निळी_शाई
ट्रान्सजेंडर पेशंटबद्दल अजून कुणी लिहिलं नाही. थोडक्यात. कागदावरचं जुनं नाव भरल्या ओपीडीत मोठ्याने पुकारू नका, कोणत्या नावाने हाक मारू हे आधी विचारा. बेड कुठल्या वॉर्डात द्यायचा हे त्या व्यक्तीशी बोलून ठरवा, स्टेशनवर चर्चा करून नाही. हिमोग्लोबिनसारख्या तपासण्यांच्या सामान्य मर्यादा स्त्री-पुरुषांसाठी वेगळ्या छापलेल्या असतात, हार्मोन चालू असतील तर डॉक्टरांना तसं कळवा. आणि नोंदणी 'पुरुष' असलेल्या ट्रान्स पुरुषाला (जन्मताना मुलगी म्हणून नोंद झालेल्या) गर्भाशयमुख असेल तर तिथल्या कर्करोगाची तपासणी लागते, पण संगणक त्याला बोलावणं पाठवत नाही. तिथे नर्सनेच लक्षात आणून द्यायचं.

नाइटवाली
आता माझा सगळ्यात अवघड प्रश्न. पेशंट म्हणतो, 'ही नर्स नको.' कारण कधी रंग, कधी जात, कधी धर्म, कधी डोक्यावरचा स्कार्फ, कधी 'पुरुष नको'. बहुतेक इन्चार्ज काय करतात? गुपचूप बेड बदलतात. पेशंट खूश, वॉर्ड शांत. त्या नर्सला कुणी काही विचारतच नाही.

स्टाफब्रदर
'पुरुष नको' हे बाकीच्यांत मोजू नका, ताई. आंघोळ, बेडपॅन, कॅथेटर अशा कामांसाठी बाईने बाई मागणं, किंवा पुरुषाने पुरुष मागणं, ही लाजेची आणि कधीकधी जुन्या अत्याचाराची बाब असते. ती शक्य तिथे पाळावी. मला त्यात अपमान वाटत नाही. पण बीपी घ्यायलाही पुरुष नको म्हटलं तर बोलायला हवं.

खडूस_वाचक
रंग-जातीवरून नको म्हणणाऱ्याला सरळ घरी पाठवा.

दूरदेशी
काका, तो डिलिरियममध्ये, म्हणजे आजारातल्या भ्रमात, असेल तर? डिमेन्शियाचा, म्हणजे स्मृतिभ्रंशाचा, असेल तर? तापात बडबडणाऱ्याला आणि शुद्धीत शिवी देणाऱ्याला एकच माप लावता येत नाही. आणि आणीबाणी असेल तर आधी उपचार, बाकी सगळं नंतर.

माझ्यापुरतं सांगतो. शुद्धीवरचा पेशंट असं बोलला तर मला तीन गोष्टी हव्या असतात. इन्चार्जने पेशंटसमोर माझ्या बाजूने एक वाक्य बोलावं: 'हे तुमची काळजी घेणारे पात्र नर्स आहेत, आम्ही अशा कारणाने स्टाफ बदलत नाही.' मग मला बाजूला घेऊन विचारावं की तुला तिथे काम करायचंय की नको. मी नको म्हटलं तर तो माझा निर्णय, पेशंटचा विजय नाही. आणि तिसरं, मारहाणीची नोंद होते तशी याचीही घटना म्हणून नोंद व्हावी. तोंडी राहिलं की महिन्याभराने 'असं कधी झालंच नाही'.

नाइटवाली
हे तिन्ही मुद्दे जसेच्या तसे घेतेय.

आता सत्राचं असं ठरवतेय. शपथ रद्द. अर्धा वेळ वर्गशिक्षिकांचं त्वचेचं प्रकरण, खऱ्या फोटोंसह. उरलेल्या वेळात मागच्या तीन महिन्यांची ड्यूटी लिस्ट भिंतीवर लावायची, नावं झाकून, आणि नाइट, रविवार, आयसोलेशन कोणाच्या वाट्याला किती आले ते स्टाफलाच मोजायला लावायचं. आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेची १९७७ ची नर्सिंगविषयक शिफारस सांगते की वेळापत्रक पुरेसं आधी कळावं, म्हणजे माणसाला घरचं नियोजन करता येईल. आमच्याकडे आदल्या संध्याकाळी कळतं. तेही भिंतीवर लावेन.

मोजपट्टी
मोजणं उत्तम, पण एक धोका आहे. तुमच्याकडे दोनच पुरुष आहेत आणि स्कार्फवाली बहुधा एकच असेल. नावं झाकली तरी कोण ते सगळ्यांना कळणार, आणि 'बघा, हिलाच सगळे रविवार सुट्टी' असं उलटंही निघू शकतं. माणसांच्या ऐवजी पाळ्या मोजा. कोणती नाइट मागून घेतली, कोणती लादली, कोणती अदलाबदलीत गेली. मागून घेतलेल्या नाइट वगळल्याशिवाय निष्कर्ष काढू नका. काही जणी नाइट भत्त्यासाठी किंवा दिवसा लेकरू सांभाळायला मिळावं म्हणून स्वतःहून घेतात.

डेसिबल
मागून घेतलेलं आणि लादलेलं यांच्या मधलंही असतं. 'नाही म्हणता आलं नाही' असं. त्याला रकाना ठेवा.

नाइटवाली
ठेवते. चार रकाने. मेमोची फाइल मात्र अजून हाताला लागलेली नाही.

स्टाफब्रदर
ती मेट्रनबाईंच्या कपाटात असते आणि किल्ली त्यांच्या कमरेला. भिंतीवर काही चिकटवण्याआधी त्यांना भेटा, ताई. होइस्टचा विषयही काढा जमलं तर.